लाख वाती आणि चंपाचे बाहेरचे दिवस

माझी धाकटी जाऊ चंपा हिच्याविषयी लिहायला बसले आहे. आत देव आहेत, खोटं लिहायचं नाही, म्हणून पहिल्यांदा हेच लिहून टाकते की मी तिच्यावर जळत होते. ती लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून.

कारणं काही लपलेली नाहीत. ती माझ्या सासूच्या, म्हणजे मामींच्या, सख्ख्या भावाची मुलगी. मी घरात आले ती सून म्हणून, ती आली ती लेक म्हणून. तिला तीन मुलगे, मला तीन मुली. ती हसली की शेजारच्या अंगणातल्या बायाही कारण न विचारता हसत, मी हसले की विचारीत, "आज काय झालं वं थोरलीले?" तिचा नवरा दौलतराव मालेगावचा बाजार करून आला की धोतराच्या सोग्यात तिच्यासाठी काहीतरी असायचंच. कधी केसांची पिन, कधी पुडीत बांधलेली जिलेबी. आमचे हे शाळेत मास्तर. हे बाजारातून माझ्यासाठी आणायचे कोऱ्या वह्या.

वह्या मला लागत, हेही खरं. मी सातवी शिकलेली. दुपारची भांडी झाली की रोजची तिथी लिहायची, देवाला कोणतं फूल वाहिलं, कोणाचा उपास, कोण पाहुणा आला, हे लिहायचं, असा माझा नेम लग्नापासूनचा. चंपाला अक्षर येत नाही. तेवढ्या एका गोष्टीत मी तिच्या पुढं होते आणि ते मी कधी विसरत नसे.

सत्त्याहत्तर साली श्रावण अधिक आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. अशा वर्षी केलेलं सगळं दामदुप्पट लागतं म्हणतात. मी लाख वातींचा संकल्प सोडला. घरच्या शेतातला कापूस, सरकी घरीच काढलेली, बोटांना राख लावून एकेक वात वळायची, शंभराची जुडी बांधायची आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आत वाशीमच्या बालाजीसमोर उजळायच्या. एकटीच्यानं होणारं काम नव्हतं. मामी म्हणाल्या, "चंपाले घे संगं." घेतलं. माझी एक जुडी होईपर्यंत तिची दीड व्हायची. वर ती गप्पा मारायची, आणि तिची वात माझ्यापेक्षा बारीक. जळायला एवढंही पुरे होतं.

आमच्या घरची रीत कडक. बाई बाहेरची झाली की चार दिवस पडवीत. चुलीला, पाण्याला, देवाला, वातींना हात नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि आत यायचं. मीही बसायचे. पण त्या चातुर्मासात चंपा चार दिवस बसायची, न्हायची, आत यायची आणि आठवडा होतो न होतो तोच पुन्हा पडवीच्या दाराशी उभी राहायची.

"बाई, मी बसली वं पुन्हा."

"आत्ताच तं न्हाली होती!"

"मी काय करू? देवानंच सुट्टी देल्ली," म्हणून हसायची.

सुट्टीच होती ती. पडवीत ती वाकळ शिवत बसे. जुन्या लुगड्यांचे तुकडे, वर लाल दोऱ्याचे टाके. तिची वाकळ पाहायला बाया येत आणि बसत. मामी स्वतः तिला दुरून चहा ओतीत. दौलतराव खिडकीतून जिलेबीची पुडी टाकी. आणि आत मी अकरा माणसांच्या भाकरी थापीत असे. धूर डोळ्यांत जायचा आणि बाहेरून हसण्याचा आवाज यायचा.

मग मी वहीत वातींच्या आकड्यापुढं लिहायला लागले. वाती चारशे, चंपा बाहेर. वाती साडेतीनशे, चंपा बाहेर. संकल्प अपुरा राहिला तर कोणामुळे राहिला हे देवाला कळावं. पोळ्याच्या दिवशी पुरणाचं पातेलं चुलीवर चढलं आणि ही पडवीत जाऊन बसली. त्या दिवशी मी लेखणी दाबून लिहिलं, 'चंपा बाहेर. सोंग.'

नवरात्राच्या आधी एकदा ती न्हाणीच्या मागे कंबर धरून बसलेली दिसली. ओठ पांढरे पडलेले.

"काय झालं?"

"काही नाही बाई, कंबर धरली."

रोज वाकळेवर वाकून बसशील तर कंबर धरणारच, असं मनात म्हटलं आणि पुढं गेले. तेवढंच. तिला पाणीही विचारलं नाही.

त्रिपुरीला वाती मोजल्या. अठ्ठ्याऐंशी हजार. बारा हजार कमी. मी जुड्या डालड्याच्या डब्यात भरल्या, डबा देवघरात ठेवला आणि आठ दिवस चंपाशी बोलले नाही. ह्यांना म्हटलं, निदान आहेत तेवढ्या तरी बालाजीला नेऊ. हे म्हणाले, "पुढच्या सोमवारी पाहू." ह्यांचा पुढचा सोमवार मला चौदा वर्षांपासून माहीत आहे.

मार्गशीर्षात वच्छलाबाई आली. ती आमच्या गावची नर्स. बौद्ध वस्तीतली, अकोल्याला शिकून नोकरीला लागलेली. ओसरीच्या कडेला बसायची. मामी तिला कोनाड्यातल्या वेगळ्या कपात चहा देत, तो कप ती स्वतःच धुऊन पालथा घालायची. त्या दिवशी तिच्या मांडीवर नावांचा कागद होता.

"थोरल्या बाई, वाशीमले शाळेत बायांच्या तपासणीचं शिबिर हाय. नागपूरचे डॉक्टर येऊन राह्यले."

शिबिराचं नाव निघताच मामींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मागच्या साली बी असंच गोड बोलून नेत होते. अन् तिकडं नसबंदीचं ऑपरेशन करून पाठवत होते."

"ते बंद झालं, आजी. हे तसलं नाही." वच्छलाबाईनं आवाज खाली आणला. "गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होते. सुरुवातीले दुखत नाही, खुपत नाही, बाईले समजतच नाही. समजते तवा उशीर झाल्ला राह्यते. लाकडाच्या चपट्या पट्टीनं तिथलं जरासं पुसून काचेवर घेतात आन् ती काच दुर्बिणीखाली पाह्यतात. कापाकापी नाही, सुई नाही. जीपमध्ये गावातून पाच बाया बसतीन. चार नावं झाली. पाचवं मी तुमच्या घरासाठी ठेवलं."

मला बाकीचं नीट ऐकूच आलं नाही. वाशीम. जीप सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. तपासणीला लागून लागून किती वेळ लागणार? बाकी दिवस बालाजीचा. डबा उचलायचा आणि बसायचं.

"माहं लिवा," मी म्हटलं.

"काही तरास हाय तुमाले? पाळी नसतानी रक्त जाणं, अंगावरून पाणी जाणं?"

"मले कायले तरास होईन?"

"धाकट्या बाईंले?" तिनं मान वळवून पडवीकडं पाहिलं. चंपा तिथंच होती, वाकळ पायावर घेऊन. "ह्या आज बाहेर? मागं मी आल्ती तवाही बाहेरच होत्या."

मला धसका बसला. जागा एकच होती.

"तिचं काय घेऊन बसल्या! कामाचा कंटाळा आला का ती बाहेर बसते. खोटं वाटते? माह्याकडं लिवलेलं हाय."

आणि मी आत जाऊन वही आणली. ओसरीत उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले, मामींना ऐकू जावं म्हणून, आणि पडवीतही ऐकू जावं म्हणून. अधिक श्रावण शुद्ध तृतीया, चंपा बाहेर. शुद्ध चतुर्दशी, चंपा बाहेर. वद्य एकादशी, चंपा बाहेर. पोळा, चंपा बाहेर. भाद्रपदात तीन वेळा. भाऊबीज, चंपा बाहेर, माहेरी जाणं राहिलं.

इतके दिवस पोटात साठवलेलं एकदाचं बाहेर पडत होतं, मला बरं वाटत होतं. पडवीतलं हसणं थांबलंय हे माझ्या लक्षात उशिरा आलं. वच्छलाबाईनं कागद उलटा केला होता आणि पेन्सिलीनं लिहीत होती.

"पुन्हा वाचा. हळू."

मी पुन्हा वाचलं. यावेळी आवाज तेवढा चढला नाही.

"थोरल्या बाई, हे सोंग नाही," ती म्हणाली. "पोळ्याच्या दिवशी कोणी सोंग करीनही. एकादशीले कायले करीन? त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटत नाही. आन् भाऊबिजेले? भावाच्या घरी जायचं सोडून पडवीत बसायले कोणती बाई सोंग करते, सांगा."

भाऊबिजेच्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता आणि रिकामी परत घेऊन गेला होता. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं. माझा भाऊ तर आलाच नव्हता.

"आधी कोणाच्या ध्यानात कसं नाही आलं?" मामी कोणालाच न विचारता म्हणाल्या.

"बाहेर बसलेल्या बाईकडं कोण पाह्यते, आजी?" वच्छलाबाई कागदाची घडी घालत म्हणाली. "मले दिसते. मी बी तुमच्या घरी दरवेळी बाहेरच बसतो."

तिनं पाचवं नाव लिहिलं. चंपाबाई दौलतराव. माझी जीप माझ्याच वहीनं माझ्या हातातून काढून नेली.

पण मामी अडून बसल्या. "माह्या भावाची पोर मी त्या गाडीत घालून देनार नाही. कोणाचा हात लागीन, काय करतीन! थोरले, आत्ताच तं तू म्हनली ना, सोंग हाय म्हनून? मंग सोंगाले दवाखाना कायले? सांग तिले. तू शिकेल हायस."

सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. मी नुसती मान हलवली असती तरी चंपाचं नाव खोडलं गेलं असतं आणि तिथं माझं आलं असतं. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते : मान हलायला निघाली होती.

तेवढ्यात पडवीतून चंपा बोलली. मोठ्यानं नाही.

"मले भेव लागते बाई. पाच महिने झाले. कधी लाल, कधी पान्यासारखं जाते, वास येते. कोणाले सांगितलं नाही. मले वाटलं तुमाले समजलंच हाय." थोडं थांबली. "तुमी रोज लिवत होत्या ना. मी इकडून पाहो. म्हनो, चला, बाई तं ध्यानात ठेवून राह्यल्या."

ती पाच महिने असं समजत होती. मी तिचा दोष लिहीत होते आणि ती पडवीत बसून, माझी कोणीतरी काळजी घेतंय, अशा हिशेबानं त्या वहीकडं पाहत होती.

"मामी," मी म्हटलं, "लिवलेलं खरं हाय. सोंग हा शबुद तेवढा माहा. तिले जाऊ द्या. नाही गेली तं मी भाऊजींले सांगीन आन् ते तिले पाठीवर घेऊन जातीन."

"जातीनच," मामी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. ते मात्र सगळ्यांनाच पटलं.

जीपच्या दिवशी मी डबा भुरीबाईच्या मांडीवर दिला. भुरीबाई आमच्या मागच्या घरची, चार नावांतली एक. चंपा बाहेर होती, तिला वातींना शिवायचं नव्हतं. संध्याकाळी आल्या तेव्हा डबा रिकामा होता. भुरीबाईनं पुजाऱ्याकडं वाती दिल्या, चंपा रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली.

"मी दाराबाहेरूनच पाह्यलं बाई. एवढासा दिसला, पन लय सुंदर! पायऱ्यांवर कबुतरं किती…" आणि ती सांगत बसली. तपासणीचं विचारलं तर म्हणाली, "काही दुखलं नाही. डोळे मिटून घेतले आन् तुमी देवापुढं वाचता ते पोथी म्हनत होती, मले येते तेवढी." माझी पोथी, माझ्या वाती, माझा बालाजी. तिनं बाहेरून पाहिला तो, आणि मी चौदा वर्षांत बाहेरूनही नाही.

तीन आठवड्यांनी वच्छलाबाईकडं पत्र आलं. पाच बायांपैकी चौघींची काच स्वच्छ. चंपाला नागपूरला बोलावलं होतं. दौलतरावानं बैल शेजाऱ्याच्या भरवशावर टाकले आणि तिला घेऊन एस.टी.त बसला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तपासून सांगितलं : कॅन्सर आहे, पण तोंडाशीच आहे, पसरलेला नाही. पिशवी काढावी लागेल, नंतर लाईट, म्हणजे किरणांचे शेक, द्यावे लागतील.

अडीच महिने ती नागपूरला होती. तिच्या मुलांना न्हाऊ घालणं, जेवू घालणं माझ्याकडं. धाकटा रोज विचारी, "माय कधी येईन?" आणि मी रोज सांगे, परवा. त्या दिवसांत वहीत तिथीच्या पुढं फक्त एक ओळ आहे, बालाजी, तिला परत आण. जळणं कुठं गेलं होतं कोण जाणे.

कुठं गेलं नव्हतं, नागपूरला जाऊन बसलं होतं. फाल्गुनात ह्यांनी मला तिला भेटायला नेलं. वॉर्डात शिरले तर दौलतराव खाटेवर मांडी घालून बसलेला आणि चंपाची वेणी घालून राहिलेला. वाकडीतिकडी, पण घालत होता. एवढ्या बायांमध्ये! मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे भिंतीवरची पाटी वाचत होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या आणि म्हणाल्या, "वहीवाल्या जाऊबाई त्या तुम्हीच का?" चंपानं साऱ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई हात जोडून म्हणाली, "अशी जाऊ भेटायले नशीब लागते वं माय." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

मी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "हे कोणत्या पापानं होते?"

"पापाचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "नक्की कशानं होतं ते आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही. एवढं दिसतं की लहान वयात लग्न, लहान वयात बाळंतपणं झालेल्या बायकांना जास्त होतं. वर्षानुवर्षं तिथं हळूहळू बिघडत जातं, म्हणून तर आधी तपासून घ्यायचं. तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं?"

"तेराव्या."

"मग पुढच्या शिबिरात तुम्हीही या. त्रास नसला तरी. त्रास होण्याआधीच यायचं असतं."

चैत्रात चंपा घरी आली. निम्मी झाली होती, पण हसणं पूर्वीचंच. दर तीन महिन्यांनी नागपूरला दाखवायला जावं लागतं. आतापर्यंत चांगलं आहे. वच्छलाबाई तिला पाहायला आली त्या दिवशी चंपानं स्वतः उठून चहा केला आणि आमच्याच कपांमध्ये सगळ्यांना दिला. कोनाड्यातल्या कपाकडं मामींनी एकदा पाहिलं, एकदा चंपाकडं पाहिलं आणि आपला चहा पिऊ लागल्या. मला चौदा वर्षांत ते करायचं सुचलं नव्हतं. त्याचाही मला हेवा वाटला.

आषाढीला ती म्हणाली, "बाई, लाखाचं राह्यलं हाय आपलं. पुन्हा धरू."

धरलं. आता माझी अडचण ऐका. तिची पिशवी काढलेली, तिला बाहेर बसणं कायमचं संपलं. रोज सकाळी न्हाऊन देवघरात, एक दिवस खंड नाही. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "चंपीचा हात आता बाराही महिने देवाचा." आणि मी दर महिन्याला चार दिवस पडवीत, तिच्याच वाकळेवर. आता तीच मला दुरून चहा ओतते. पडवीच्या भिंतीवर ती माझ्यासाठी कोळशानं रेघा ओढते, एका दिवसाला एक.

"मले लिवता येत नाही, पन रेघ येते. चारच्या वर पाचवी दिसली का मी वच्छलाबाईले जीप बोलावतो. तुमचं काही ऐकनार नाही."

"अवं, माहं नाव पुढच्या शिबिरात हाय नं."

"हाय. म्याच तं लिवून घेतलं. पयलं नाव."

आज भाद्रपद शुद्ध दशमी. माझा तिसरा दिवस. एकही बाई माझ्याकडं गप्पा मारायला आलेली नाही. सगळ्या आत, देवघराच्या दाराशी, तिच्या वाती पाहत बसल्या आहेत. तिच्या एकतीस हजार झाल्या, माझ्या अठरा. ती जुडी मोठ्यानं मोजते. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद…

"चंपे!" मी इथूनच ओरडले. "एकोणनव्वद राह्यली! देवाले फसवतं काय?"

"तुमी हाव नं बाहेर मोजायले!" ती आतून म्हणाली आणि साऱ्या बाया हसल्या.

मी वही ओढून तिथी घातली आणि लिहिलं : मी बाहेर. चंपा आत.